विमानात गेलेला कान

विमानात बसण्याआधी माणसाचं वजन करतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जुहूच्या विमानतळावर पत्र्याच्या शेडमध्ये एक मोठा काटा होता, अडतीवर धान्याची पोती तोलतात तसा. आधी माझी बॅग तोलली, मग मला त्यावर उभं केलं. कारकुनाने आकडा मोठ्याने वाचला आणि मागे उभा असलेला एक गिरणीवाला हसला. मी तेव्हा अगदीच पाप्याचं पितर होतो. पण त्या दिवशी कुणी हसल्याचं काही वाटलं नाही. नगरजवळच्या भिंगारमधल्या आमच्या गल्लीतून विमानात बसणारा मी पहिलाच होतो.

मी मूळ मास्तर. आजोबांनी येशूचा मार्ग धरला, वडील मिशनच्या शाळेत शिपाई झाले आणि मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवू लागलो. युद्ध आलं तेव्हा छावणीला माल पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराला इंग्रजी पत्रव्यवहार करणारा माणूस हवा होता. शाळा सोडून मी तिकडे गेलो. युद्ध संपलं, गोरे पलटणीवाले परतायला लागले, कंत्राटं आटली. शाळेतली माझी जागा तोवर दुसऱ्याला मिळाली होती. त्या वर्षी भिंगारमध्ये दर महिन्याला कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी भाऊ घरी बसत होता. सकाळी कपडे घालून बाहेर पडायचं आणि बाजारात दोन चकरा मारून परत यायचं, असं मीही सहा महिने केलं. ते दिवस मी विसरलो नव्हतो. पुढे जे झालं ते त्या दिवसांच्या भीतीने झालं.

मुंबईच्या एका पेढीला फिरता प्रतिनिधी हवा होता. पेढी यंत्रांचे सुटे भाग विकायची: पट्टे, व्हॉल्व, बेअरिंगं. आमच्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना काय लागतं ते विचारायचं आणि मुंबईत नसलेला माल अहमदाबादच्या व्यापाऱ्यांकडून आणायचा, असं काम. युद्धानंतर परदेशी माल मिळायची मारामार होती. जो आधी पोचेल त्याला मिळायचा.

"मास्तर, विमानाची भीती वाटते का?" शेठनी मुलाखतीत एवढंच विचारलं.

"नाही," मी म्हणालो. विमान मी तोवर फक्त खालून पाहिलं होतं.

"आधीचा माणूस घाबरायचा. आगगाडीने जायचा. तो पोचेपर्यंत माल दुसरा घेऊन जायचा."

अशी मला नोकरी मिळाली, आणि ती विमानात बसण्यावरच टिकून होती.

पहिल्या दोन-तीन खेपा सुखाच्या गेल्या. डकोटा विमान जमिनीवर शेपूट टेकून उभं असायचं, त्यामुळे आत शिरलं की चढण चढल्यासारखं आपल्या जागेपर्यंत जावं लागे. एक तरुण एअर होस्टेस ताटलीत कापूस आणि पेपरमिंटच्या गोळ्या घेऊन यायची. कापूस कानात घालायचा, गोळी चघळत राहायची. तास-दोन तासांत अहमदाबाद. उन्हात विमान हेलकावे खायला लागलं की गिरणीवाले कागदी पिशव्या तोंडाशी धरायचे. माझं पोट मात्र घट्ट होतं. घरी आलो की वडील अंगणात बाज टाकून मला समोर बसवायचे आणि शेजाऱ्यांना हाका मारायचे. "वरून माणसं दिसतात का? बैल दिसतात का?" मी सांगायचो, ते ऐकायचे, आणि मग तेच पुन्हा इतरांना रंगवून सांगायचे.

चौथ्या की पाचव्या खेपेला मला पडसं झालं होतं. पडशाचं कोण मनावर घेतं? अहमदाबादला उतरताना विमान खाली येऊ लागलं आणि डाव्या कानात कुणीतरी अंगठा दाबावा तसं झालं. मी गोळी चघळली, आवंढे गिळले. दाब वाढत गेला. मग दाब राहिला नाही, नुसती कळ झाली, कानातून दाढेत, दाढेतून डोळ्याच्या मागे. मी समोरच्या खुर्चीचं कापड मुठीत धरलं. शेजारचा प्रवासी काहीतरी बोलत होता. मला वाटलं मी ओरडणार. आणि तेवढ्यात कानात फट्‌ असं झालं, कळ एकदम ओसरली, आणि कानातून कोमट काहीतरी मानेवर ओघळलं. रुमालाला पाणी आणि थोडं रक्त लागलं. दुखायचं थांबलं याचाच मला इतका आनंद झाला की बाकी काही सुचलं नाही. त्या दिवशी व्यापाऱ्याचं बोलणं मला हंड्यातून आल्यासारखं येत होतं. होईल बरं, म्हणून मी माल घेतला आणि दुसऱ्या दिवशी तसाच विमानाने परत आलो.

ते बरं झालं नाही. आईने लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडलं, त्याने अजूनच बिघडलं. कान वाहायला लागला. महिन्यातून दोनदा मी वर जायचो आणि खाली यायचो, आणि दर वेळी खाली येताना माझा जीव मुठीत असायचा. आधी डावाच दुखायचा, मग उजवाही. उतरल्यावर काही दिवस जग दूर जायचं, मग जरासं जवळ यायचं, पण पहिल्या जागी कधीच यायचं नाही.

मी लपवायला शिकलो. बोलणाऱ्याला उजव्या हाताला बसवायचं. ओठांकडे बघायचं. वाक्य कळलं नाही तर त्यातला जो शब्द कळला तोच प्रश्नासारखा परत म्हणायचा. माणूस आपोआप सगळं पुन्हा सांगतो. हसणारे हसले की हसायचं. मान डोलवायची. या मान डोलवण्याने लोक माझ्यावर खूश असत. शेठ तर म्हणाले, "मास्तर मध्ये बोलत नाहीत, नीट ऐकून घेतात."

बायकोला फसवता आलं नाही. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. न ऐकणारं पोर तिला बरोबर कळायचं. एका रविवारी उपासनेत सगळी मंडळी खाली बसली आणि मी गीताचं पुस्तक धरून एकटाच उभा राहिलो. तिने माझा सदरा ओढला. घरी आल्यावर ती चुलीपाशी पाठ करून उभी राहिली. मी दारात होतो. बऱ्याच वेळाने ती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मी तुम्हाला तीन वेळा हाक मारली," ती म्हणाली.

"लक्ष नव्हतं."

"तिसऱ्यांदा ओरडले मी. तुमच्या पाठीमागे शेजारच्या काकू आल्या धावत."

दुसऱ्या दिवशी तिने मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कानात नळी घालून बराच वेळ पाहिलं. डाव्या पडद्याला भोक पडलं होतं, उजवा सुजला होता. भरून येईल कदाचित, म्हणाले, पण निदान सहा महिने विमानात पाऊल ठेवायचं नाही. ठेवलंत तर दोन्ही जातील. हे मला स्वच्छ ऐकू आलं. उजव्या बाजूला बसूनच सांगितलं त्यांनी.

वाटेत ती म्हणाली, "शेठना सांगा."

"काय सांगू?"

"आहे तेच. आगगाडीने जाईन म्हणा."

"आगगाडीने जाणारा होता त्यांच्याकडे. त्यालाच काढून मला घेतलंय."

"माझी शाळा आहे ना? भागेल आपलं."

बाजारातल्या त्या दोन चकरा मला दिसत होत्या. वडील पुन्हा अंगणात एकटेच बसलेले दिसत होते. तिने दोनदा विचारलं, मी न ऐकल्यासारखं केलं. तेवढा एक उपयोग बहिरेपणाचा होतो.

मग साखरेचा हंगाम आला. कोपरगावकडच्या एका कारखान्यावर मी नेहमीच्या फेरीसाठी गेलो होतो. सकाळी पोचलो तर गाळप बंद. कारखान्याला पाणी देणाऱ्या मोठ्या पंपाचं बेअरिंग फुटलं होतं. दुसरा पंप आधीच उघडून पडलेला. पाणी नाही म्हणजे साखर नाही. फाटकाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि ती वाढत होती.

तिथला इंजिनिअर पन्नाशीचा, तापट, पण हाताचा सच्चा माणूस होता. गेली दोन वर्षं तो मला ओळखत होता, मला मास्तरच म्हणायचा. तो पंपाच्या खड्ड्यात उतरलेला, अंगभर ग्रीस. फुटक्या बेअरिंगच्या ज्या कडेवर नंबर असतो ती कड घासून गेली होती. तो कॅलिपर लावून दांड्याचं माप घेत होता. त्याची पाठ माझ्याकडे होती. बाजूला दोघे घण घालत होते.

माप घेऊन झालं तसा तो वळला नाही, तिथूनच ओरडला. मला फक्त शेवट ऐकू आला. "...तीन."

पावणेतीन की सव्वातीन? तीन असतं तर नुसतं तीन म्हणाला असता. आधी काहीतरी होतं. माणूस माझ्याकडे तोंड करून बोलता तर पावणेतीनला ओठ मिटलेले दिसले असते. मी माझी युक्ती केली. "तीन?" असं विचारलं. त्याने पाठमोरंच मान हलवली आणि हाताने मला जा, जा, असं केलं. त्याला घाई होती. मी खड्ड्यात उतरून त्याच्या समोर उभा राहू शकत होतो. कागद त्याच्या हातात देऊन लिहा म्हणू शकत होतो. आज मला वाटतं, मिनिटभराचं काम होतं. पण तो म्हणाला असता, अहो मास्तर, ऐकू येत नाही का? आणि ते त्याने चारचौघांत म्हणू नये म्हणून मी वहीत 'सव्वातीन' लिहिलं. पंप मोठा आहे, सव्वाच असेल, अशी मनाची समजूत घातली.

कोपरगावला गाडी धरली, मनमाडला बदलली, मुंबईहून विमानाने अहमदाबाद. डोकं जड होतं, नाक चोंदलेलं. उतरताना काय झालं ते सांगत नाही, तेच झालं. तिथे तीन दुकानं पालथी घातल्यावर सव्वातीन इंची बेअरिंग मिळालं. लाकडी खोक्यात घालून, परतीच्या विमानात ते पायांपाशी ठेवून आणलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कारखान्याच्या फाटकाशी टांग्यातून उतरलो.

गाड्यांची रांग आता पार गावाच्या वेशीपर्यंत गेली होती. सोडलेले बैल चाकांना बांधलेले, माणसं गाड्यांच्या सावलीला पडलेली. तोडलेला ऊस तीन दिवस उन्हात पडला होता. मला खोकं घेऊन येताना पाहून एक पागोटेवाला म्हातारा उठला.

"आलं का जी ते यंत्राचं?" त्याने अगदी तोंडासमोर येऊन विचारलं, म्हणून मला कळलं.

"आलं."

"इमानातनं आनलं म्हनं तुमी."

"होय."

तो मागे वळून ओरडला. माणसं उठून आली. दोघांनी माझ्या हातातलं खोकं घेतलं आणि आतपर्यंत पोचवलं. "सरका, सरका, मास्तरला वाट द्या." एकाने खोक्याला हात लावून तो कपाळाला लावला. मी त्या माणसांच्या मधून चाललो होतो. सव्वा की पावणे?

ते बसलं नाही. इंजिनिअरने दांड्यावर चढवलं आणि ते नुसतं डगडगलं. आतून बुश, म्हणजे पितळेची कडी, ठोकून भागवता आलं असतं, पण बाहेरचं मापही मोठं, खोबणीतच जाईना. त्याने ते काढलं, हातात धरून पाहिलं, आणि माझ्याकडे आला. या वेळी तो समोर उभा होता. त्याचा प्रत्येक शब्द मी ओठांवर वाचला.

"मास्तर, हे सव्वातीन आहे. मी पावणेतीन म्हणालो होतो."

मी वही काढली. त्यात माझ्याच अक्षरात 'सव्वातीन' लिहिलेलं होतं. ती मी त्याच्यापुढे धरली.

"तुम्ही सव्वा म्हणालात साहेब. मी तिथल्या तिथे लिहून घेतलं."

आयुष्यात मी इतकं सरळ खोटं बोललो नव्हतो. त्याने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तो आता चिडेल, वहीच फेकून देईल असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं होतं. तो खड्ड्याच्या कडेला बसला आणि हाताच्या पाठीने कपाळ पुसलं.

"असेल," तो म्हणाला. "तीन दिवस डोळ्याला डोळा नाही. म्हणालो असेन."

घटकाभरात मॅनेजर आले. त्यांनी इंजिनिअरला सगळ्या मजुरांसमोर उभं केलं. काय बोलले ते मला ऐकू येत नव्हतं, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघतही नव्हतो. मी इंजिनिअरच्या पायांकडे बघत होतो. त्याची एक वहाण तुटलेली होती, सुतळीने बांधलेली. ते पाय जरासुद्धा हलले नाहीत. त्याने एकदाही माझ्याकडे बोट दाखवलं नाही.

त्याच दिवशी मी पुन्हा निघालो. फाटकातून बाहेर पडताना त्या म्हाताऱ्याने काही विचारलं. मी मान डोलवली. काय विचारलं ते अजून मला माहीत नाही.

अंगात ताप होता. मुंबईला जुहूच्या काट्यावर उभा राहिलो तेव्हा काट्यावरचे आकडे दुहेरी दिसत होते. पहिल्या दिवशी या शेडमध्ये मी किती फुशारून उभा होतो! विमानात बसलो आणि पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की हे पडावं. बाकीच्या माणसांचा विचारसुद्धा मनात आला नाही. नुसतं पडावं, म्हणजे परत जाऊन त्या माणसासमोर उभं राहायला नको. खाली समुद्र चकाकत होता. विमान पडलं नाही. अहमदाबादला पावणेतीन इंची बेअरिंग पहिल्याच दुकानात मिळालं. दुकानदाराने ते फळीवरून काढून पुढ्यात ठेवलं तेव्हा मी तिथेच रडलो. बिचारा घाबरला, पाणी आणायला धावला.

परतीच्या विमानात खाली यायला लागलो तेव्हा उजवा कान गेला. डाव्यासारखा फट्‌ असा आवाज झाला नाही. कळ वाढत वाढत गेली आणि इंजिनांचा घरघराट बारीक होत होत पार विझला. मी डोळे उघडले. खिडकीबाहेर विमानाचा पंखा फिरत होता, खिडकीची काच थरथरत होती, आणि कशालाच आवाज नव्हता. एअर होस्टेस माझ्यावर वाकली होती. तिचे ओठ हलत होते. बरेच महिने ती मला पाहत होती, प्रत्येक वेळी उतरताना खुर्ची घट्ट धरून बसलेला. ती सरळ झाली, पुढे जाऊन पेन्सिल घेऊन आली आणि कागदी पिशवीवर इंग्रजीत लिहून माझ्या मांडीवर ठेवलं. तुम्हाला ऐकू येत नाही ना? पुन्हा विमानात बसू नका. डॉक्टरकडे जा.

दोन वर्षं शेठना, गिऱ्हाइकांना, वडिलांना कुणालाच कळू दिलं नव्हतं. त्या परक्या पोरीने ते ओळखलं होतं. मी तिच्याकडे पाहून होय म्हणालो. किती मोठ्याने म्हणालो कोण जाणे; पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

कारखान्यावर पोचलो तेव्हा रांग निम्मी झाली होती. कित्येकांनी गाड्या वळवून ऊस गुऱ्हाळांवर नेला होता, काहींनी तिथेच बैलांपुढे टाकला होता. पागोटेवाला म्हातारा दिसला नाही. या वेळी खोकं मी एकट्याने आत नेलं. इंजिनिअरने काही न बोलता बेअरिंग बाहेर काढलं, दांड्यावर सरकवलं. ते बसलं. तासाभराने पंप सुरू झाला. मी कोपऱ्यात उभा होतो. एकदम सगळ्या माणसांनी माना वर करून धुराड्याकडे पाहिलं, दोघातिघांनी टोप्या उडवल्या. भोंगा वाजत होता. भिंतीला टेकलेल्या माझ्या पाठीला त्याची थरथर तेवढी जाणवली.

इंजिनिअर हात पुसत माझ्याकडे आला. तो काहीतरी बोलला. चेहऱ्यावरून वाटलं, बरंच काही बोलला असावा, आणि चांगलं बोलला असावा, कारण त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पुन्हा सांगा," मी म्हणालो. "मला ऐकू येत नाही."

दोन वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा गेलं. त्याला आधी ते कळलंच नाही. मग त्याने खिशातला खडू काढला आणि शेजारच्या लोखंडी पत्र्यावर लिहिलं, कधीपासून?

मी सगळं सांगितलं. कान, डॉक्टर, तो खड्डा, त्याची पाठ. "तुम्ही पावणेतीनच म्हणाला असाल. मला फक्त तीन ऐकू आलं. वहीत मी मनाने लिहिलं. नंतर तुमच्यावर ढकललं."

खांद्यावरचा हात निघाला. तो रागावला असता, चार शिव्या दिल्या असत्या तर मला त्याचं तोंड वाचता आलं असतं. पण त्याचे ओठ मिटलेले होते. शेवटी त्याने आधीचा प्रश्न हाताने पुसला आणि लिहिलं, मॅनेजरला तुम्ही सांगता की मी?

"मी सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं. मॅनेजरनी मला बसायलाही सांगितलं नाही. शेठना त्याच दिवशी पत्र गेलं, आणि मी भिंगारला पोचल्यावर आठवड्याच्या आत शेठचं पत्र मला आलं. त्यात रागाचा एक शब्द नव्हता. पेढीला धडधाकट माणूस हवा, एवढंच होतं.

मॅनेजरनी त्या मजुरांसमोर इंजिनिअरची माफी मागितली का? मला माहीत नाही. मी सांगितल्यावर त्याचं नाव नक्की साफ झालं असेल असं मी धरून चाललो. पुढच्या हंगामाच्या तोंडावर मी त्याला कारखान्याच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. ते परत आलं. हा गृहस्थ आता इथे नाही, असा शेरा होता. स्वतः गेला की घालवला, ते कुणी सांगेना. मी दोन ठिकाणी चौकशी केली, मग थांबलो. थांबायला नको होतं.

उजव्या कानाला तीन महिन्यांनी थोडंसं ऐकू यायला लागलं. डावा गेला तो गेलाच. शाळेत मला कोण घेणार? सहा-सात महिने घरी बसलो, पण या वेळी कपडे घालून बाजारात चकरा मारल्या नाहीत. अंगणात वडिलांच्या बाजेशेजारी बसायचो. ते विमानाच्या गोष्टी विचारेनासे झाले होते. शेवटी नगरातल्या एका छोट्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचं काम मिळालं. त्याला कान लागत नाहीत. मालक काय हवं ते कागदावर लिहून द्यायचा.

पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर बायको ओट्यावर वाट बघत होती. आता ती माझ्याशी बोलताना आधी समोर यायची, मग बोलायची.

"कसं होतं काम?" तिने विचारलं.

"बरं आहे," मी म्हणालो. "अक्षरं उलटी लावावी लागतात. जमेल."

समोरच्या घरातल्या दोन बायका दारात आल्या, शेजारच्या काकूंनी खिडकी उघडली. मी ओरडलो होतो, आणि मला ते कळलं नव्हतं. बायकोने हाताचा तळवा जमिनीकडे करून हळूच खाली नेला. हळू, हळू. मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो, अगदी बारीक आवाजात, आणि ते तिला ऐकू गेलं की नाही हे बघायला तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिने होय अशी मान हलवली आणि पाणी आणायला आत गेली.